अर्ज, ठराव आणि शिळा

(१)

माझे वडील सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात कोतवाल होते. आमच्या आजोबांकडे महारकीचे वतन होते. १९५८ च्या कायद्याने ते गेले, पण काम तेच राहिले. सरकारचा कागद घेऊन जायचे, दवंडी द्यायची आणि ज्याच्या नावाचा कागद त्याचा अंगठा घेऊन परत यायचे. वडिलांनी असे हजारो अंगठे घेतले असतील. एकदा एका प्रकल्पाच्या भूसंपादनाच्या नोटिसा घेऊन ते डोंगरातल्या पाड्यांवर गेले होते. एका म्हाताऱ्या पावऱ्याने कागद हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि विचारले, "कोतवालदादा, ह्याला उत्तर कुठं द्यायचं?" वडील म्हणाले, "बाबा, ह्याला उत्तर नसतं. अंगठा असतो."

हा प्रसंग वडिलांनी मला मी पदवीधर झाल्यावर सांगितला, आधी नाही. सांगताना त्यांच्या स्वरात अपराध होता असे मी म्हणणार नाही. ते पोटासाठी करीत होते. पण त्या म्हाताऱ्याचा प्रश्न आणि वडिलांचे उत्तर ह्यांच्यामध्ये जे अंतर आहे, तोच आदिवासी आणि शासन ह्यांच्या संवादाचा सबंध इतिहास आहे, असे मला वाटते. आदिवासीला वाटते की, सरकार आपल्याशी बोलत आहे, तेव्हा आपणही बोलले पाहिजे. सरकारला मात्र पोच हवी असते.

आपल्या समीक्षेने आत्मकथने वाचली, कविता वाचली, कथा वाचली. ते आवश्यकच होते. येथील प्रस्थापित समीक्षेने ज्यांना साहित्याच्या वेशीबाहेर ठेवले होते, त्यांना आपण आत आणले. परंतु शोषित माणूस आयुष्यात जे सर्वांत जास्त लिहितो, किंवा दुसऱ्याकडून लिहून घेतो, ते वाङ्मय कोणते? ती कविता नव्हे. तो अर्ज असतो. निवेदन असते. ग्रामसभेचा ठराव असतो. ह्या लेखनाकडे आपण वाङ्मय म्हणून कधी पाहिलेच नाही. जमिनीच्या लढ्यांचा विचार आपण मोर्चे, गोळीबार आणि तुरुंग ह्यांच्या अंगाने करतो. पण प्रत्येक मोर्चाच्या आधी एक कागद गेलेला असतो आणि त्या कागदाला उत्तर न आल्यामुळेच मोर्चा निघालेला असतो. प्रस्तुत लेखात अशा तीन कागदांचा, खरे म्हणजे दोन कागदांचा आणि एका दगडाचा, विचार मला करावयाचा आहे.

(२)

प्रथम सरकारी कागदाची भाषा पाहू. इंग्रजांनी १८९४ मध्ये भूसंपादनाचा कायदा केला आणि स्वतंत्र भारताने तो १ जानेवारी २०१४ पर्यंत चालविला. म्हणजे हा कायदा स्वातंत्र्यापूर्वी ५३ वर्षे जगला आणि स्वातंत्र्यानंतर ६६ वर्षे. परक्या राजवटीपेक्षा आपल्याच राजवटीने तो अधिक काळ वापरला, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

ह्या कायद्याची रचना एखाद्या संवादासारखी दिसते. कलम ४ प्रमाणे अधिसूचना राजपत्रात येणार, १९८४ च्या दुरुस्तीनंतर ती दोन दैनिकांतही येणार आणि तिचा मजकूर परिसरात सोयीच्या ठिकाणी जाहीर होणार. सोय कोणाची, हा प्रश्न येथे विचारायचा नाही. कलम ५-अ प्रमाणे तीस दिवसांत हरकत घेता येते. हे कलम मूळ कायद्यात नव्हते, ते १९२३ मध्ये आले. हरकत जिल्हाधिकारी ऐकणार, अहवाल सरकारला देणार आणि त्यावर सरकारचा निर्णय अंतिम. त्यानंतर कलम ६ ची घोषणा. ती घोषणा झाली की, जमीन सार्वजनिक प्रयोजनासाठीच हवी आहे ह्याचा तो निर्णायक पुरावा. ज्याने मागितली त्याचेच म्हणणे पुरावा! आणि मग कलम ९ ची नोटीस, जी माझ्या वडिलांसारखी माणसे वाहून नेत. तीत हितसंबंधी व्यक्तीला विचारलेले असते की, तुझा हितसंबंध कोणत्या स्वरूपाचा आहे आणि तुझी मागणी किती रकमेची आहे.

ह्या भाषेत 'किती' हा प्रश्न आहे, 'का' हा प्रश्न नाही. 'का' विचारण्याची जागा तीस दिवसांची आणि तिचे उत्तर देणारा तोच, जो जमीन घेणार आहे. 'किती' ला मात्र न्यायालयापर्यंत वाट मोकळी आहे. ज्या माणसाला 'किती' सांगायचेच नाही, त्याने ह्या कागदावर काय लिहावे? त्याच्यासाठी रकाना नाही. आणि ज्याच्या नावावर सातबारा नाही, पिढ्यान्‌पिढ्या जंगलात कसत आला आहे, तो तर हितसंबंधी व्यक्तीही नाही. त्याचे सरकारी नाव वेगळे आहे, ते म्हणजे अतिक्रमणधारक. स्वतःच्या भूमीवर अतिक्रमण करणारा माणूस फक्त कायद्याच्या भाषेतच जन्माला येऊ शकतो.

दलित वाचकाला ही भाषा ओळखीची वाटेल. आपल्यालाही येथील धर्मव्यवस्थेने आपले नाव स्वतः सांगू दिले नाही. आपली नावे दुसऱ्यांनी ठेवली, आणि त्या नावातच आपली जागा ठरविली. राज्यव्यवस्थेने आदिवासींच्या बाबतीत तेच केले. फरक इतकाच की, एकाला वेशीबाहेर बसविले आणि दुसऱ्याला त्याच्या घरातच घुसखोर ठरविले.

(३)

आता पहिला कागद. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांची ३३ गावे होती. हा भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता, १९९८ पासून तो नंदुरबार जिल्ह्यात आहे. नर्मदा पाणीतंटा लवादाचा निवाडा १९७९ चा. जमिनीच्या बदल्यात जमीन, किमान दोन हेक्टर, हे तत्त्व त्यात होते. कागदावर हे तत्त्व चांगलेच होते. पण जंगलजमीन कसणाऱ्याकडे कागद नाही, म्हणून तो तत्त्वाच्या बाहेर. जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. लढा उभा राहिल्यावर तिनेच नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ मध्ये सांगितले की, बाधितांशी विचारविनिमयच झालेला नाही. १९९३ मध्ये बँक बाहेर पडली. त्याच वर्षी नोव्हेंबरात अक्राणीतील चिंचखेडीला सर्वेक्षणाला विरोध करणाऱ्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात एक आदिवासी किशोर मारला गेला. मोजणी हासुद्धा सरकारच्या बोलण्याचाच एक प्रकार आहे आणि ती अडविणे हा आदिवासीच्या बोलण्याचा.

ह्या काळातले एक पत्र प्रसिद्ध आहे. नर्मदेच्या पलीकडच्या काठावर, मध्य प्रदेशात, जलसिंधी हे गाव. तेथील बावा महालिया ह्यांनी १९९४ मध्ये मुख्यमंत्री दिग्विजय सिंह ह्यांना ते लिहिले. पुढे ते इंग्रजीत अनुवादित होऊन छापले गेले. मी ते अनेकदा वर्गात वाचून दाखविले आहे.

ह्या पत्राची पहिली गोष्ट अशी की, ते 'किती' ह्या प्रश्नाचे उत्तर देत नाही. ते आधी आपण कोण, हे सांगते. आम्ही नदीकाठची माणसे, आमचे गाव मध्य प्रदेशात पहिले बुडणार, अशी ओळख देऊन ते सुरू होते. सरकारी अर्जाचा संकेत उलटा असतो. तेथे विषय आधी, संदर्भ क्रमांक मग, आणि माणूस सर्वांत शेवटी, 'आपला विश्वासू' म्हणून. ह्या पत्रात माणूस आधी येतो आणि विषय त्याच्या जगण्यातून निघतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. भरपाईचा विषय हे पत्र टाळीत नाही. ते तो विषय हातात घेते आणि त्याचाच हिशेब मांडू लागते. शेताची भरपाई द्याल, शेताच्या बांधावरच्या झाडांची द्याल. पण आम्ही केवळ तेवढ्यावर जगत नाही. मग जंगलाची भरपाई देणार का? नदीची, तिच्यातल्या माशांची, काठावर पिकणाऱ्या भाजीची, तिच्याजवळ राहण्यातल्या सुखाची किंमत काय लावणार? जंगल हाच आमचा सावकार आणि आमची बँक आहे, असेही हे पत्र म्हणते. आमच्या प्रस्थापित समीक्षकाने हे वाचले तर त्याला येथे निसर्गप्रेम दिसेल, रम्य प्रतिमा दिसतील. हे रम्य नाही. हा हिशेब आहे. दुष्काळात सरकारची बँक आदिवासीला उभे करीत नाही, कारण तारण ठेवायला त्याच्याजवळ कागद नाही. जंगल उभे करते, तेही तारणाशिवाय. तेव्हा जंगलाला बँक म्हणणे हे अलंकारिक बोलणे नसून अर्थशास्त्र आहे. सरकारच्या रकान्यात जे मावत नाही ते सरकारच्याच शब्दांत मोजून दाखवायचे आणि रकानाच कसा अपुरा आहे हे सिद्ध करायचे, ही ह्या पत्राची पद्धत आहे. युक्तिवाद म्हणून मला हे पत्र कोणत्याही वकिलाच्या लेखी म्हणण्यापेक्षा अधिक सरस वाटते.

मात्र येथे एक अवघड प्रश्न आहे आणि तो टाळून चालणार नाही. घरात आदिवासी बोली बोलणाऱ्या माणसाचा विचार सरकारी भाषेत आणि तेथून इंग्रजीत जाईपर्यंत त्याला कितीतरी हात लागतात. लढ्यांमध्ये निवेदने लिहून देणारे कार्यकर्ते बहुधा शहरातून आलेले, शिकलेले, अनेकदा सवर्ण घरांतले असतात. त्यांच्या त्यागाविषयी मला शंका नाही. पण वाहरू सोनवणे ह्यांनी 'स्टेज' ह्या कवितेतून जो प्रश्न विचारला, तो येथेही लागू आहे. आमचे दुःख आम्हालाच स्टेजवरून सांगणारे तुम्ही कोण? भिल्ल समाजातला, शहाद्याच्या श्रमिक चळवळीतून आलेला हा कवी जेव्हा हा प्रश्न विचारतो, तेव्हा तो चळवळीच्या शत्रूंना विचारीत नाही, मित्रांना विचारतो. म्हणून अशा पत्रांचे वाचन करताना 'हे खरोखर आदिवासीचे का?' असा संशय घ्यायचा नाही. तो संशय सरकार घेतेच. आपण विचारायचे ते असे की, मध्यस्थाच्या हाताने काय वाढले, आणि काय गळाले?

(४)

दुसरा कागद ठरावाचा आहे. ओडिशातील नियमगिरी डोंगर हा डोंगरिया कंध ह्या आदिवासींचा. डोंगराच्या माथ्यावर बॉक्साइट आहे आणि पायथ्याशी लांजिगढला वेदांत कंपनीचा अॅल्युमिनाचा कारखाना. खाणीला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ऑगस्ट २०१० मध्ये परवानगी नाकारली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १८ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने सांगितले की, वनहक्क कायद्याखालील हक्कांचा आणि लोकांच्या धार्मिक-सांस्कृतिक हक्कांचा विचार ग्रामसभांनी करावा. राज्य सरकारने डोंगरातील शंभराहून अधिक वस्त्यांतून केवळ १२ गावे निवडली, ७ रायगडा जिल्ह्यातील आणि ५ कालाहंडीतील. जुलै-ऑगस्ट २०१३ मध्ये न्यायाधीशांच्या उपस्थितीत सभा झाल्या. बारापैकी बारा सभांनी नकार दिला. जानेवारी २०१४ मध्ये मंत्रालयानेही खाण नाकारली. राज्याच्या खाण महामंडळाने २०१६ मध्ये पुन्हा न्यायालयाचे दार ठोठावले, ते उघडले नाही.

हा विजय मोठा आहे. ज्या व्यवस्थेत 'का' ला रकाना नव्हता, तेथे बारा गावांनी 'नाही' हा शब्द सरकारी कागदावर लिहवून घेतला. 'नकार' हा आपल्या साहित्याचा मूलभूत शब्द आहे, पण तो बहुतेक वेळा कवितेत राहिला. नियमगिरीत तो इतिवृत्तात गेला.

तरीही समीक्षकाने विजयाचेही परीक्षण केले पाहिजे. न्यायालयाच्या आणि वृत्तपत्रांच्या लेखी ह्या लढ्याचे केंद्र नियमराजा ह्या देवतेचे स्थान झाले. सभांतून लोक मात्र ओढे, शेती, फळझाडे, औषधी वनस्पती, मुलाबाळांचे पुढे काय, हे सारे एकत्रच बोलत होते. त्यांच्या बोलण्यात देव आणि पोट अशी फाळणी नव्हती. ती फाळणी ऐकणाऱ्याने केली. परिणाम असा की, आदिवासी देवाविषयी बोलला तर त्याचे ऐकावे, पण तो नुसता 'ही माझी जमीन आहे, मला द्यायची नाही' म्हणाला तर त्याला पुन्हा कलम ९ ची नोटीस द्यावी, असा पायंडा पडण्याचा धोका आहे. ज्याने धर्म बदलला, जो शिकून देव मानीनासा झाला, त्या आदिवासीने काय करावे? नाही म्हणण्यासाठी देवाची साक्ष काढावी लागणे ही बौद्धांना तरी मान्य होण्यासारखी गोष्ट नाही. माणसाचा नकार माणूस म्हणूनच ग्राह्य धरला पाहिजे. आपल्याकडे गडचिरोलीत सुरजागडचा डोंगर माडियांच्या ठाकूरदेवाचा आहे. तेथील ग्रामसभांनीही विरोधाचे ठराव केले. देव तोच प्रकारचा, ठराव तोच प्रकारचा. पण तेथे खाण चालू झाली. म्हणजे देवसुद्धा सरकार सोयीनेच ऐकते.

आणखी एक गोष्ट आहे, जी ह्या त्रैमासिकाच्या वाचकाने विशेष लक्षात घ्यावी. डोंगरियांच्या गावात डोंब ही अस्पृश्य मानलेली जात राहते. डोंब अनुसूचित जातीत मोडतात. त्यांना जमीन नाही. बाजाराशी व्यवहार, बाहेरच्या भाषा, दुभाषाचे काम हे त्यांच्याकडे. लढ्याच्या काळात कंपनीचे दलाल म्हणून अनेकांनी त्यांच्यावर सरसकट शिक्का मारला. काही जण तसे असतीलही. पण ज्याला जमीन नाही, ज्याच्या वाट्याला फक्त निरोप्याचे काम आले आहे, त्याने कोणाचा निरोप वाहावा हे त्याच्या हातात कितीसे होते? २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासींवरील ऐतिहासिक अन्यायाची कबुली आहे. पण त्याच जंगलात राहणाऱ्या डोंबासारख्या इतरांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. ज्याच्या घरात कागद पोहोचलाच नाही, त्याने ७५ वर्षांचा पुरावा आणावा! डोंबांची ही हकिकत वाचताना मला माझे वडील दिसले. दलित हा अनेक ठिकाणी आदिवासी आणि सरकार ह्यांच्यामधला निरोप्या आहे. ही आपली जातीने ठरविलेली जागा आहे, आणि तिचा विचार आपल्याला करावाच लागेल.

(५)

तिसरे उदाहरण दगडाचे. झारखंडात मुंडा लोक आपल्या पूर्वजांच्या स्मरणार्थ शिळा उभ्या करतात. गावाची जमीन कोणाची, ह्याचा त्यांच्या दृष्टीने तोच दाखला. १९०८ च्या छोटा नागपूर कुळ कायद्याने त्यांच्या जमिनीला काही संरक्षण मिळाले, तेही बिरसा मुंडांचे उलगुलान झाल्यानंतर. २०१६ मध्ये राज्य सरकारने तो कायदा सैल करण्याचे विधेयक आणले. मोठा विरोध झाला, राज्यपालांनी २०१७ मध्ये विधेयक परत पाठविले आणि ते मागे घेतले गेले. त्याच वर्षी खुंटी भागातील गावांच्या वेशीवर मोठमोठ्या शिळा उभ्या राहू लागल्या. त्यांवर राज्यघटनेतील तरतुदी, पाचवी अनुसूची, १९९६ चा पेसा कायदा, ग्रामसभेचे अधिकार कोरलेले. ही पत्थलगडी.

वाङ्मयप्रकार म्हणून हिचा विचार करा. अर्ज हरवतो, फायलीत जातो, दप्तरी दाखल होतो. शिळा हरवत नाही. अर्ज साहेबाच्या टेबलावर जातो, शिळेपुढे साहेबाला यावे लागते. ज्या राज्याने कागद मागून-मागून लोकांना बेजार केले, त्या राज्यापुढे लोकांनी राज्याचाच सर्वोच्च कागद दगडावर लिहून उभा केला. उत्तर काय मिळाले? हजारो लोकांवर, त्यांत बहुसंख्य अनोळखी म्हणून, गुन्हे दाखल झाले, तेव्हाच्या दंडसंहितेतील १२४-अ, म्हणजे राजद्रोहाचे कलमही लावले गेले. डिसेंबर २०१९ मध्ये नव्या सरकारने ते मागे घेण्याचा निर्णय केला. घटना उद्धृत करणे हा राजद्रोह ठरू शकतो, हे बाबासाहेबांच्या अनुयायांनी विसरू नये.

काही शिळांवर घटनेच्या कलमांचा अर्थ चुकीचा लावलेला होता, हे खरे आहे. बाहेरच्या माणसाने गावात पाऊल टाकू नये, असे घटना म्हणत नाही. ही चूक दाखविली पाहिजे. पण घटनेचा अर्थ चुकीचा लावणे हा द्रोह असेल, तर १८९४ चा कायदा ६६ वर्षे चालविणाऱ्यांना कोणते कलम लावायचे?

पेसा कायद्यात भूसंपादनापूर्वी ग्रामसभेचा 'सल्ला' घ्यावा असे आहे, २०१३ च्या नव्या कायद्यात अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची 'संमती' आली. सल्ला आणि संमती ह्या दोन शब्दांतले अंतर कापायला १७ वर्षे आणि कितीतरी माणसे लागली. त्यातही खाणी, रेल्वे, महामार्ग वगैरेंचे तेरा कायदे वेगळे ठेवले, म्हणजे मागचे दार उघडे ठेवले. तरी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. वनहक्क कायद्याच्या नियमांत गावातील वडीलधाऱ्यांचे कथन, जुन्या विहिरी, स्मशाने, पवित्र स्थळे ही पुरावा म्हणून मान्य झाली आहेत. दगडाला पुरावा म्हणायला सरकार शिकले. पण फेब्रुवारी २०१९ मध्ये ज्यांचे दावे फेटाळले गेले अशा लाखो कुटुंबांना काढण्याचा आदेश न्यायालयातून आला, आणि देशभर आवाज उठल्यावर त्याच महिन्यात तो स्थगित झाला. शिकलेला धडा विसरायला सरकारला वेळ लागत नाही.

(६)

आता आपल्या घरातली गोष्ट. १९४५ मध्ये 'कम्युनल डेडलॉक अँड अ वे टु सॉल्व्ह इट' ह्या भाषणात बाबासाहेबांनी आदिवासींविषयी असे मत मांडले की, त्यांच्यात अजून राजकीय जाणीव निर्माण झालेली नाही आणि ते सहज दुसऱ्यांच्या हातातले साधन होतील. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९४६ मध्ये, घटना समितीत जयपालसिंग मुंडा उभे राहिले. आपण जंगली आहोत हे त्यांनी अभिमानाने सांगितले, आणि आदिवासींना लोकशाही शिकवू नका, ती त्यांच्याकडून शिका, असे त्यांनी त्या थोर सभागृहाला सुनावले. हे दोन्ही प्रसंग आपण शेजारी ठेवून वाचत नाही. वाचले पाहिजेत. बाबासाहेबांचे ते मत त्या वेळच्या प्रतिनिधित्वाच्या राजकारणातून आले होते, हे खरे. पण ते चूक होते, हेही खरे. ती चूक दुरुस्त करण्याचे साधनही बाबासाहेबांनीच दिले आहे. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना त्यांचा आग्रह हाच होता की, अस्पृश्यांचे म्हणणे अस्पृश्यानेच मांडले पाहिजे, दुसरा कोणी ते मांडू शकत नाही. हेच तत्त्व आदिवासीला लावले की १९४५ चे वाक्य आपोआप मागे पडते. गुरूला गुरूच्याच तत्त्वाने तपासणे हा द्रोह नव्हे.

परंतु बाबासाहेबांची चूक दाखविणे सोपे. माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी माझा एक विद्यार्थी आपल्या गावाच्या ग्रामसभेचा ठराव घेऊन माझ्याकडे आला. "सर, शुद्धलेखन तपासून द्या," म्हणाला. ठराव त्याने स्वतः लिहिला होता. त्यात असे होते की, सगळ्या पाड्यांची माणसे दोन दिवस बसली, कोणी बोलायचे राहिले नाही, बायाही बोलल्या, एक म्हातारी पहिल्या दिवशी द्या म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी नको म्हणाली, मग सगळ्यांचे एक झाले की जमीन द्यायची नाही. मी लाल पेन घेतले. ते सर्व खोडून मी लिहिले, "सदर भूसंपादनास ग्रामसभेची हरकत असून ठराव सर्वानुमते मंजूर." मला वाटले, मी त्याला मदत केली. काही महिन्यांनी त्या गावाला कार्यालयाचे उत्तर आले. हरकत मोघम स्वरूपाची असल्याने प्रकरण दप्तरी दाखल.

हरकत मोघम नव्हती. मोघम मी केली होती. दोन दिवसांची चर्चा, बायांचे बोलणे, त्या म्हातारीचे मत का बदलले, हाच तर संमती मागितली गेली होती आणि विचारपूर्वक नाकारली गेली ह्याचा पुरावा होता. जयपालसिंग ज्या लोकशाहीविषयी बोलत होते ती त्या ओळींत होती. मराठीचा प्राध्यापक म्हणून मी ती अशुद्ध ठरवून काढून टाकली. माझे वडील सरकारचा कागद खाली नेत होते. मी लोकांचा कागद वर पाठविताना त्याला सरकारी करीत होतो. काम एकच. फक्त माझा पगार अधिक.

(७)

म्हणून माझ्या काही सूचना आहेत. आपल्यापैकी पुष्कळ जण आज शिक्षक आहेत, कार्यकर्ते आहेत, कार्यालयांत कारकून आहेत. अर्ज लिहून देण्याचे काम आपल्याकडे येते आणि येत राहणार. ते नाकारू नये. मात्र लिहिताना 'किती' च्या आधी 'का' लिहावे. सभेत जे जसे बोलले गेले ते तसे नोंदवावे, शक्य तर त्या बोलीत, आणि सोबत मराठी द्यावे. लिहून झाल्यावर ते सभेपुढे मोठ्याने वाचावे, आणि ज्यांचे आहे त्यांनी 'होय, हे आमचेच' म्हटल्याशिवाय अंगठा घेऊ नये. कायद्याची कलमे जरूर घालावीत, पण ती माणसाच्या बोलण्याच्या शेवटी यावीत.

दुसरे, हे लेखन जमवले पाहिजे. १९७९ मध्ये भद्रावतीला पहिले आदिवासी साहित्य संमेलन झाले, तेव्हापासून आदिवासी कवितेची, कथेची दखल थोडीफार घेतली गेली. पण गावोगावच्या पेट्यांत, लढ्यांच्या कार्यालयांत पडलेली निवेदने, ठराव, पत्रे ही वाळवी खात आहेत. मेंढा-लेखासारख्या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविला, त्यामागे वर्षानुवर्षांच्या सभा आणि त्यांच्या नोंदी आहेत. अशा नोंदी हे मराठी गद्य आहे. एम. ए. च्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी हा विषय का घेऊ नये? आपल्या महाविद्यालयांनी एकेका तालुक्याचे ठराव जमविले तरी पुढच्या समीक्षेला पाया मिळेल.

तिसरे, आणि सर्वांत अवघड. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. जमिनीचा प्रश्न हा आपलाच प्रश्न आहे, हे त्या पिढीने जाणले होते. पुढे आपण तो सोडून दिला, आणि आदिवासींचा जमिनीचा लढा हा आदिवासींचा म्हणून त्यांच्यावर सोपविला. जेथे आदिवासीला जमीन वाचवायची आहे आणि दलिताला ती कधी मिळालीच नाही, तेथे दोघांचे हित आपोआप एक होत नाही. ते बसून, बोलून एक करावे लागते. तोपर्यंत सरकार एकाचा कागद दुसऱ्याच्या हाताने पाठवीत राहील.

त्या विद्यार्थ्याच्या गावाने ठराव पुन्हा केला. ह्या वेळी मी लाल पेन नेले नाही, दोन दिवस सभेत मागे बसून राहिलो. ठराव त्याने लिहिला, सात पाने झाली, शुद्धलेखनाच्या चुका आहेत. त्यावर अजून उत्तर आलेले नाही. पोच मात्र गावाने मागून घेतली आहे, साहेबाच्या सहीनिशी.